कोरलेला भोपळा टिकवायचा: ब्लीचचं पाणी की व्हॅसलीन?

हॅलोविनचा भोपळा कोरून झाला की तो टिकवायचा कसा, याचे दोन उपाय अमेरिकेत घरोघरी चालतात. एक म्हणजे पातळ ब्लीचच्या पाण्यात बुडवून काढणं. दुसरा म्हणजे कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोपडणं. आधी बुडवून मग चोपडणारेही पुष्कळ आहेत. मी हे सगळं करून पाहिलंय आणि आता माझा कल एका बाजूला आहे. पण दुसऱ्या बाजूलाही काही ठिकाणी खरोखर वजन आहे, म्हणून दोन्ही नीट उलगडून सांगतो.

आधी भोपळ्याचं नेमकं काय बिघडतं ते बघू. भोपळ्यात 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि ते आत धरून ठेवण्याचं काम साल करते. न कापलेला चांगला भोपळा 10 ते 13 अंश सेल्सिअसच्या कोरड्या जागी दोन-तीन महिने आरामात राहतो. सुरी लागली की एकाच वेळी दोन गोष्टी सुरू होतात: गर वाळायला लागतो आणि बुरशीला ओली, गोडसर जागा मिळते. गर आकसतो, साल तितकी आकसत नाही, म्हणून कोरलेले दात आणि भुवया आतल्या बाजूला वळतात. तो चेहरा अचानक म्हाताऱ्यासारखा दिसायला लागतो तो यामुळेच. बुरशी मात्र वेगळी खोड. ती बहुतेक वेळा चेहऱ्यावर सुरू होत नाही. आत, जिथे रेषा, म्हणजे गराचे धागे, खरवडायच्या राहिल्या तिथे पांढरा कापसासारखा ठिपका धरतो आणि दोन दिवसांत करडा-काळा होऊन पसरतो.

तुम्ही राहता कुठे यावर या दोघांतलं कोण आधी येणार ते ठरतं. डेन्व्हर किंवा फीनिक्सच्या कोरड्या हवेत भोपळा आधी वाळतो. ह्यूस्टन, अटलांटाकडे आधी बुरशी धरते, आणि दमट उष्मा असला तर दोन-तीन दिवसांतच. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्सकडे ऑक्टोबरअखेर रात्री गार, दुपारी ऊन असं चालतं, तिथे दोन्ही थोडं थोडं होतं. काहीच न करता ठेवलेला कोरीव भोपळा साधारण तीन दिवस ते आठवडाभर बरा दिसतो. उपायांनी त्यात काही दिवसांची भर पडते, महिन्यांची नाही. ही अपेक्षा आधीच ठेवलेली बरी.

दोन्ही उपायांआधीची तयारी

यात कसूर झाली तर पुढे काहीही चोपडा किंवा बुडवा, उपयोग नाही. देठ हिरवट आणि कडक हवं, आणि भोपळा देठाला धरून उचलायचा नाही. देठ निखळलं की त्या खड्ड्यातून सड सुरू होते. तळ अंगठ्याने दाबून बघा. जरा जरी मऊ लागला तरी तो भोपळा ठेवून द्या. कोरायला 'हाउडन'सारखी खास कोरण्याची जात घ्यावी. 'शुगर पाय' छोटा, गराला जाड आणि भाजीसाठी किंवा 'पाय' नावाच्या गोड पदार्थासाठी चांगला, कोरायला दमवतो. पांढरा 'लुमिना' घेतलात तर सालीखाली गर केशरीच निघतो, त्यामुळे दिवा लावल्यावर कडा फार सुरेख उठतात.

झाकण वरून कापण्याऐवजी तळाला भोक पाडा. देठाकडचा भाग अखंड राहिला की वरचा घुमट खचत नाही, आत सुटलेलं पाणी खालून निघून जातं आणि दिवा जमिनीवर ठेवून भोपळा त्यावर बसवता येतो. वरूनच कापायचं असेल तर सुरी तिरकी, आतल्या बाजूला झुकवून चालवा, नाहीतर झाकण आत पडतं. मग धारदार कडेच्या चमच्याने खरवडा. ज्या बाजूला चेहरा येणार तिथली भिंत साधारण 1 इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर जाडीची ठेवा. त्याहून पातळ केली तर लवकर वाळते, त्याहून जाड ठेवली तर बारीक कोरकाम तुटतं आणि उजेड कोंडतो. रेषा एकही राहू देऊ नका. बोट फिरवल्यावर भिंत गुळगुळीत लागली पाहिजे, केसाळ नाही. भाजायच्या बिया याच टप्प्यावर बाजूला काढा, कारण पुढे हा भोपळा खाण्यातून बाद होणार आहे.

ब्लीचचं पाणी

प्रमाण असं: 1 गॅलन (3.8 लिटर) गार पाण्याला 2 छोटे चमचे, म्हणजे 10 मिली ब्लीच. मध्यम भोपळा 5 गॅलनच्या बादलीत बहुतेक वेळा मावत नाही, त्यामुळे मोठा प्लास्टिकचा टोट, म्हणजे सामान ठेवायचा खोका, घ्या. 10 गॅलन पाणी भरलंत तर 100 मिली ब्लीच लागेल, अर्ध्या कपाला थोडं कमी. ब्लीच साधंच हवं, 6 ते 8 टक्के सोडियम हायपोक्लोराइटवालं. 'स्प्लॅशलेस' म्हणून जे दाटसर मिळतं ते घेऊ नका. त्याची ताकद कमी असते आणि ते जंतू मारण्यासाठी बनवलेलं नसतं. मागच्या वर्षीची उघडी बाटलीही नको. ब्लीच ठेवल्या ठेवल्या उतरतं, वर्षभरात बरंच निकामी होतं.

भोपळा तरंगतो, हे पहिल्यांदा करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तिरका करून आतली हवा आधी बाहेर काढा, मग वर जुनी ताटली आणि तीवर वीट ठेवा. आठ तास पुरेत, रात्रभर राहिला तरी हरकत नाही. दोन दिवस ठेवून जास्त फायदा होत नाही, कारण गराशी गाठ पडली की क्लोरीन वापरलं जातं आणि उरतं ते जवळजवळ साधं पाणी. याच कारणाने रेषा आणि गराचे तुकडे टोटमध्ये तरंगत असतील तर पाण्याची ताकद भोपळ्याऐवजी त्यांच्यावर खर्ची पडते.

बाहेर काढल्यावर निथळणं हा अर्धा उपाय आहे. जाळीवर किंवा जुन्या टॉवेलवर, भोक खाली करून, दोन तास ठेवा. मग आतून कागदी रुमालाने टिपा. तळाला चमचाभर पाणी जरी साचून राहिलं तरी सड तिथून सुरू होते आणि चेहरा धडधाकट असतानाच भोपळा बुडातून बसतो. ब्लीचला नावं ठेवणाऱ्या बऱ्याच जणांचा भोपळा खरं तर या साचलेल्या पाण्याने गेलेला असतो, असं मला वाटतं.

पुढे रोज एकदा स्प्रे: लिटरभर पाण्यात 1 मोठा चमचा (15 मिली) ब्लीच, आतून आणि कडांवर. दिवा आधी बाहेर काढा आणि फवारल्यावर सावलीत वाळू द्या. हे सगळं गॅरेजचं दार उघडं ठेवून, हातमोजे घालून आणि जुन्या कपड्यांत करायचं. मुलं आणि कुत्री-मांजरं त्या टोटपासून लांब हवीत.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. काही जण ब्लीचऐवजी व्हिनेगरच्या पाण्यात भोपळा धुतात. तेही चालतं, पण दोन्ही एकत्र कधीही करू नका, एकामागून एक त्याच टोटमध्येही नको. ब्लीच आणि व्हिनेगर मिसळले की क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरचंही तसंच, त्यातूनही विषारी वायू निघतो. नुसत्या व्हिनेगरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बुरशी थोडी रोखली जाते, पण आंबट वासावर चिलटं येतात आणि ती भोपळ्यातून घरात शिरतात.

व्हॅसलीन

याची बाजू सोपेपणाची. टोट नको, वीट नको, रात्रभर थांबणं नको. कोरून झालं की कडा कागदाने कोरड्या करायच्या, मोठा चमचाभर व्हॅसलीन बोटाने किंवा जुन्या मऊ टूथब्रशने प्रत्येक कापलेल्या कडेवर पातळ लावायचं आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. लहान मुलंसुद्धा करू शकतात, आणि ब्लीच घरात नकोच असलेल्यांना हा मार्ग मोकळा आहे.

परिणामही पहिल्या दिवशी लगेच दिसतो. कडा ओल्या, चकचकीत, आत्ता कापल्यासारख्या दिसतात. कोरड्या हवेत पहिले दोन-तीन दिवस व्हॅसलीन लावलेला भोपळा ब्लीचवाल्यापेक्षा देखणा असतो, हे प्रामाणिकपणे मान्य करावं लागेल. दात उशिरा वळतात. पार्टी शनिवारी आणि कोरकाम शुक्रवारी असा बेत असेल तर इथेच थांबा, व्हॅसलीन लावा आणि पुढचं वाचायचीही गरज नाही.

दोन गोष्टी मात्र खटकतात. पहिली म्हणजे आपण कडा बंद करतो, पण कडांपेक्षा कितीतरी मोठी उघडी जागा आतल्या भिंतीची आहे आणि तिला कोणी व्हॅसलीन लावत नाही. भोपळा आतून वाळतच राहतो. दुसरी म्हणजे व्हॅसलीन बुरशी मारत नाही. कोरतानाच हवेतले, हाताचे, सुरीचे बीजाणू कडेवर बसलेले असतात आणि त्यांच्यावर आपण ओल धरून ठेवणारा थर चढवतो. ह्यूस्टनसारख्या हवेत हे फार लवकर उलटतं. वरून चकचकीत दिसणाऱ्या कडेला बोट लावलं की खालचा गर बुळबुळीत लागतो. शिवाय चिकटपणा आहेच. वाऱ्याबरोबर आलेली धूळ, सुकल्या मेपलचे तुकडे, मुलांच्या पोशाखांची चमकी, सगळं त्या कडांवर बसतं.

ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला

वर सांगितलेल्या खोडी मी चालवून घेतल्या असत्या. जी चालवून घेता आली नाही ती ही: एकदा व्हॅसलीन लावलं की भोपळ्याला पुन्हा पाणी पाजता येत नाही.

कोरलेला भोपळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी मलूल पडला म्हणजे संपला असं नसतं. गराच्या पेशी जिवंत असतात, फक्त त्यांतलं पाणी कमी झालेलं असतं. अशा वेळी बर्फ घातलेल्या साध्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून ठेवला, किंवा ओला करून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, तर तो पुन्हा ताठ होतो. वळलेले दात बाहेर येतात, गालाची सुरकुती जाते. कोमेजलेली कोथिंबीर पाण्यात ठेवल्यावर उभी राहते तसंच हे. गर बुळबुळीत झाला असेल, पाणी सुटलं असेल, तर मात्र पेशी मेलेल्या असतात आणि मग काही होत नाही. पण त्याआधी हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो, आणि भोपळ्याचे आणखी दोन-तीन दिवस मिळतात.

हे पाणी गर आत घेतो तो कापलेल्या कडांमधून आणि आतल्या भिंतीतून. दात बारीक, त्यांच्या चारही बाजू कडाच. म्हणजे ज्या भागाला पाण्याची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्यालाच आपण व्हॅसलीनने बंद केलेलं असतं. बर्फाच्या पाण्यातून काढल्यावर भिंत जरा तरतरीत होते, दात तसेच वळलेले. त्यांच्यावर पाण्याचे थेंब उभे राहतात आणि ओघळून जातात. स्प्रे मारला तरी तेच, ब्लीचचा थेंब कडेपर्यंत पोचतच नाही.

मग वाटतं, व्हॅसलीन धुऊन काढू. गार पाण्याने ते निघत नाही. भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी घेऊन ब्रशने घासावं लागतं, आणि चार दिवसांच्या मऊ पडलेल्या गराला ते घासणं सोसत नाही. आधी भुवयांची टोकं जातात, मग एखादा दात बुडापासून हलतो. टूथपिक आतून खुपसून दात परत बसवता येतो हे खरं, पण तोवर कडांची धार गेलेली असते आणि तेलकट पापुद्रा शिल्लक असतोच. आधी ब्लीच मग व्हॅसलीन या जोडउपायातही हीच अडचण येते, म्हणून तोही मी सोडला.

ब्लीचने नुसत्या धुतलेल्या भोपळ्याला ही आडकाठी नाही. हवा तेव्हा बुडवा, निथळवा, परत दारात ठेवा. तराजूवर वजनं करून मी हे मोजलेलं नाही, पण न्यू जर्सीच्या गार हवेत, एकाच पायरीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या भोपळ्यांत ब्लीच आणि मधे एक बर्फाची आंघोळ मिळालेला भोपळा व्हॅसलीनवाल्याच्या पुढे राहताना दिसतो. तुमच्याकडे वारा, ऊन, भोपळ्याची जात वेगळी असेल तर फरक कमी-जास्त होईल.

व्हॅसलीन जिथे पुढे जातं

खारींच्या बाबतीत. कोरलेला भोपळा खारींना दिसला की त्या कडांपासून कुरतडायला लागतात, आणि ब्लीचच्या वासाने त्या फारशा बिचकत नाहीत. लाल तिखट भुरभुरवणं हा आपल्या घरातला सोपा इलाज. तिखटातलं कॅप्सायसिन सस्तन प्राण्यांना झोंबतं, पक्ष्यांना त्याचं काही नाही. पण नुसतं तिखट पहिल्या पावसात धुऊन जातं. व्हॅसलीनमध्ये कालवून लावलेलं टिकतं. अंगणात ओकची झाडं असतील आणि दरवर्षी खारी चेहराच खाऊन जात असतील तर वाळण्याचा विचार दुय्यम ठरतो, तिथे मी व्हॅसलीनला नाही म्हणणार नाही. एक तडजोडही आहे: तिखट-व्हॅसलीन फक्त बाहेरच्या सालीवर, डोळ्यांच्या आणि तोंडाच्या भोवती बोटभर रुंद पट्ट्यात लावायचं, कापलेल्या कडांना स्पर्श न करता. साल तशीही पाणी घेत नाही, त्यामुळे आंघोळीला अडथळा येत नाही. हे लावलेला हात डोळ्याला लागू देऊ नका, आणि दारात चॉकलेट घ्यायला येणाऱ्या लहान मुलांच्या हाताला लागेल असा भोपळा ठेवू नका.

बाकीचे उपाय, थोडक्यात

ॲक्रिलिकचा पारदर्शक स्प्रे ओल्या गरावर नीट बसत नाही, पापुद्रे सुटतात. हेअरस्प्रे आणि वंगणाचे स्प्रे पेट घेतात, ज्या वस्तूत दिवा ठेवायचा तिथे ते नकोतच. फोमचा भोपळा हा वेगळाच प्रकार: वर्षानुवर्षं टिकतो, बारीक जाळीकामाला उत्तम, पण त्याची धूळ घशात जाते म्हणून मास्क लावून बाहेर बसून कापायचा, आणि आत ज्योत कधीच ठेवायची नाही. सप्टेंबरअखेरपासून थँक्सगिव्हिंगपर्यंत पायरीवर काहीतरी हवं असेल तर कोरूच नका. अखंड भोपळ्यावर ॲक्रिलिक रंगाने काम करा. केशरी सालीवर पांढऱ्या रंगातली वारली चित्रं फार शोभतात आणि आत काही उघडं नसल्याने टिकवण्याचा प्रश्नच उरत नाही.

दिव्याचं म्हणाल तर एलईडी घ्या. मेणबत्ती आतला घुमट अक्षरशः शिजवते, आणि शिजलेला गर दुसऱ्या दिवशी खचतो. व्हॅसलीन त्या उष्णतेने पातळ होऊन गालांवरून ओघळतं. मुलांचे झगमगीत पोशाख ज्योतीपासून लांब राहतात हे वेगळंच.

भोपळा दक्षिणेकडच्या उन्हाच्या पायरीवर नको, सावलीत हवा. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर गॅरेजमध्ये आणा. गोठून वितळलेल्या भोपळ्याच्या पेशी फुटतात आणि सकाळी तो लगद्यासारखा होतो. मग ब्लीच असो की व्हॅसलीन, दोन्ही हात टेकतात.

यंदा दिवाळीपर्यंत न्यायचा असेल तर

2026 मध्ये हॅलोविन शनिवारी, 31 ऑक्टोबरला आहे आणि लक्ष्मीपूजन रविवारी, 8 नोव्हेंबरला. बऱ्याच घरांत भोपळा आणि आकाशकंदील एकाच दारात दिसावेत अशी इच्छा असते. व्हॅसलीनवर हे जमेल असं मी सांगू शकत नाही. ब्लीचवर, उत्तरेकडच्या गार हवेत, जमण्याची बरी शक्यता आहे. गुरुवारी, 29 तारखेला संध्याकाळी कोरा आणि रात्रभर ब्लीचच्या पाण्यात ठेवा. शुक्रवारी निथळवा. 1 नोव्हेंबरच्या रात्री पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये, नाहीतर बर्फाच्या पाण्यात. मग आठवडाभर रोजचा स्प्रे, आणि 6 तारखेच्या रात्री पुन्हा एक आंघोळ. चेहऱ्याऐवजी मोठ्या, साध्या आकारांची नक्षी कोरलीत, म्हणजे पणती, कमळ किंवा जाड पाकळ्यांचं फूल, तर बारीक दातांपेक्षा ती जास्त दिवस धड राहते. टेक्सास, फ्लोरिडाकडे मात्र दिवाळीसाठी दुसरा भोपळा न कोरता जपून ठेवा आणि 6 तारखेला कोरा.

टाकतानाही दोघांत फरक पडतो. व्हॅसलीन लावलेल्या कडा कापून कचऱ्यात टाकाव्या लागतात, तो तेलकट थर कंपोस्टमध्ये नको आणि प्राण्यांच्या पोटात किंवा केसांतही नको. ब्लीचवाला भोपळा नळीखाली चांगला धुऊन एक दिवस उघड्यावर ठेवला की तुकडे करून कंपोस्टमध्ये जातो. हरणांसाठी म्हणून अंगणाच्या कडेला मात्र यातला कुठलाच ठेवू नका. त्यांच्यासाठी न कोरलेला, न रंगवलेला भोपळा फोडून ठेवा.